दोन मुक्कामांचा सातारा

दिवाळी उलटून सकाळच्या हवेत गारवा उतरू लागला की दवाखान्यात एक निराळा प्रश्न घेऊन काही मंडळी येऊ लागतात. त्यांना नवे दुखणे नसते. रक्तदाब मोजून घेतात, साखरेचा अहवाल टेबलावर ठेवतात आणि उठता उठता विचारतात, "डॉक्टर, दोन दिवस कुठेतरी जाऊन यावे म्हणतो. जाऊ का?"

पुष्कळ वर्षे मी या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देत असे. अहवाल बरे असले की "अवश्य जा", नसले की "एवढ्यात नको". हे उत्तर अपुरे असते, हे मला एका काकांनी शिकवले. त्यांच्याच संमतीने त्यांची हकीकत येथे सांगतो.

काकांचे वय ७६. मूळ गाव सातारा जिल्ह्यातील, कोरेगाव तालुक्यातले. विशीत असताना नोकरीसाठी चिंचवडला आले आणि एका कारखान्यात लेथवर उभे राहून निवृत्त झाले. मधुमेह जुना, आठ वर्षांपूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला, त्यानंतर हृदयाची शक्ती थोडी कमी झालेली. त्यामुळे शरीरात पाणी साठू नये म्हणून लघवीवाटे पाणी काढणारी गोळी रोज सकाळी चालू. काकूंचे दोन्ही गुडघे झिजलेले. मुलगी चाकणच्या एका कारखान्यात नोकरीला, तिला सुट्टी एकट्या रविवारची.

काकांची इच्छा साधी होती. "साताऱ्याच्या स्टँडवर आयुष्यभर गाडी बदलली, डॉक्टरसाहेब. हातात पिशव्या, काखेत पोर, पुढची गाडी चुकेल ही धास्ती. राजधानी म्हणतात तिला, पण स्टँडच्या बाहेर पडून कधी पाहिली नाही."

मी अहवाल पाहिले आणि म्हणालो, "अवश्य जा."

मुलीने मोठ्या हौसेने बेत आखला. पहाटे पाचला निघायचे. अजिंक्यतारा, सज्जनगड, कास, ठोसेघर आणि परतताना पेढे, सारे एका रविवारात. रात्री अकराला घरी. डिसेंबर महिना होता. कासच्या पठारावर फुले नव्हती आणि ठोसेघरच्या धबधब्याला पाणी नव्हते, ही गोष्ट तिथे गेल्यावर कळली. सज्जनगडाच्या पायऱ्या भर दुपारी चढल्या. पण खरी गोष्ट कोणालाच ठाऊक नव्हती. काकांनी शनिवारपासून ती पाण्याची गोळी बंद केली होती आणि रविवारी दिवसभरात जेमतेम एक पेलाभर पाणी प्यायले होते. वाटेत मिसळ, जेवणात लोणचे आणि पापड मात्र झाले होते. सोमवारीही दमल्यामुळे गोळी राहिली. मंगळवारी पहाटे त्यांना आडवे झोपता येईना. पाय सुजले होते, दम लागत होता. चार दिवस रुग्णालयात काढावे लागले.

घरी आल्यावर मी जरा रागानेच विचारले, "गोळी का बंद केली?" ते खाली पाहत म्हणाले, "गोळी घेतली की दर अर्ध्या तासाला जावे लागते. पोरीला किती वेळा गाडी थांबवायला सांगणार? जावईबापू गाडी चालवत होते."

दोष त्यांचा नव्हता. "जा" असे सांगताना मी त्यांचे हृदय तपासले होते. त्यांना प्रवासात कशाची भीती वाटते, हे विचारले नव्हते.

आधी दिवस, मग ठिकाणे

सहलीचा बेत आपण बहुधा ठिकाणांच्या यादीपासून सुरू करतो. ज्येष्ठांच्या सहलीत तो त्यांच्या रोजच्या दिवसापासून सुरू व्हावा. ते किती वाजता उठतात, पोट साफ व्हायला किती वेळ लागतो, कोणती गोळी कधी घेतात, जेवण किती वाजता, दुपारी किती वेळ पडतात, रात्री किती वेळा उठतात, हे एका कागदावर लिहून काढावे. मग या दिवसात जेथे मोकळी जागा दिसेल तेथे एक ठिकाण बसवावे. सकाळी एक आणि संध्याकाळी एक, याहून अधिक नाही. दुपार विश्रांतीचीच.

असे केले की लक्षात येते, एका दिवसात सातारा होत नाही. चिंचवडहून सातारा सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे. वाकड, नवले पूल, खेड शिवापूर आणि खंबाटकी घाट अशा गर्दीच्या जागा ओलांडत जाण्यास थांब्यांसह साडेतीन तास धरावेत. जाऊन-येऊन सात तास वाहनात बसणे हाच ज्येष्ठांच्या शरीराला पुरेसा श्रम आहे. म्हणून दोन मुक्काम हवेत. खर्च वाढतो, हे खरे. पण चार ठिकाणांचे पेट्रोल आणि रुग्णालयाचे बिल यांच्या तुलनेत तो थोडा असतो.

सातारा ज्येष्ठांना सोयीचा का

काकांना दुसऱ्यांदा जायचे ठरले तेव्हा त्यांना एकच खंत होती. "गड चढता येणार नसेल तर राजधानी पाहिली असे कसे म्हणायचे?" त्यांना मी साताऱ्याचा इतिहास आठवून दिला.

अजिंक्यताऱ्याचा किल्ला औरंगजेबाच्या फौजेने १७०० साली दीर्घ वेढ्यानंतर घेतला होता. पुढे तो मराठ्यांनी परत मिळवला. लहानपणापासून मोगलांच्या कैदेत वाढलेले शाहू महाराज १७०७ साली सुटून आले आणि १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यात त्यांचा राज्याभिषेक झाला. पुढे गडाच्या पायथ्याशी त्यांनी नगर वसवले, तेच शाहूनगर, आजचा सातारा. १७४९ साली त्यांचे निधन होईपर्यंत मराठी राज्याची सूत्रे याच नगराशी जोडलेली होती. थोडक्यात, साताऱ्याची राजधानी गडावरून उतरून सपाटीवर आलेली आहे. ती पाहण्यासाठी गड चढलाच पाहिजे असे नाही.

आणि ज्यांना गडावर जायचेच आहे त्यांच्यासाठी गाडीरस्ता अजिंक्यताऱ्याच्या दरवाजाच्या जवळपर्यंत गेलेला आहे. वर उभे राहिले की सारे शहर खाली दिसते. तेवढे पाहून परतले तरी चालते. सज्जनगडाला मात्र गाडीतून उतरल्यावर पायऱ्या आहेतच. तेथे समर्थ रामदासांची समाधी असल्याने अनेकांना जाण्याची ओढ असते. घरी दोन जिने सावकाश चढताना छातीत दुखत नसेल, दम लागून बोलणे थांबत नसेल आणि गुडघे साथ देत असतील, तरच तो विचार करावा, तोही सकाळी आणि टप्प्याटप्प्याने. गुडघेदुखीच्या वाचकांनी हेही ध्यानात ठेवावे की चढण्यापेक्षा उतरताना गुडघ्यावर अधिक भार येतो. वर पोहोचलो म्हणजे झाले, असे नसते. काठी बरोबर घ्यावी आणि पायांत जुने, सरावाचे बूट असावेत. सहलीसाठी नवी पादत्राणे घेणे टाळावे.

काकांचा दुसरा बेत

दुसऱ्या खेपेस फेब्रुवारी महिना निवडला. पावसाळ्यात दगड निसरडे होतात आणि एप्रिल-मे महिन्यांत ऊन सोसत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ ज्येष्ठांना उत्तम. कासची फुले पाहायची असतील तर मात्र ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीचा काळ धरावा लागतो, आणि तेव्हा पाऊस गृहीत धरूनच निघावे.

पहिल्या दिवशी न्याहारी करून साडेआठला निघाले. दीड तासाने पहिला थांबा, घाट ओलांडल्यावर दुसरा. थांब्यावर केवळ चहा न पिता पाच मिनिटे चालायचे, असे ठरले होते. बसल्या जागी दर अर्ध्या तासाने पावले वरखाली हलवायची, म्हणजे पायांतील रक्त साकळत नाही. दुपारचे जेवण साताऱ्यात, मग झोप. संध्याकाळी राजवाडा आणि तेथून जवळच्या प्रतापसिंह उद्यानात बाकावर बसणे. प्रतापसिंह महाराजांना इंग्रजांनी १८३९ साली पदच्युत केले आणि १८४८ साली सातारा संस्थान खालसा झाले. काका हा इतिहास काकूंना पुन्हा पुन्हा सांगत होते, असे मुलीने कळवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीने अजिंक्यतारा. दुपारी विश्रांती. संध्याकाळी कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावरचे माहुली. तेथे जुनी दगडी मंदिरे, घाट आणि छत्रपती घराण्यातील समाध्या आहेत. शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याचे स्मारकही तेथेच आहे. पेशवाईतील न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे याच माहुलीचे. घाटाच्या पायऱ्या उतरून पाण्याशी जाण्याची गरज नाही. काकू वरच्या पायरीवर तासभर बसल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय पाहिले. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून आलेली वाघनखे २०२४ साली प्रथम याच संग्रहालयात लोकांसाठी मांडली गेली होती. अशा ठिकाणांची साप्ताहिक सुट्टी आणि चाकाची खुर्ची आत नेता येते का, हे निघण्यापूर्वी दूरध्वनीवर विचारून घ्यावे.

स्वतःचे वाहन नसेल तर एस.टी. उत्तम आहे. ६५ ते ७५ वर्षांच्या नागरिकांना निम्म्या तिकिटात आणि ७५ वर्षांवरील नागरिकांना विनामूल्य प्रवास करता येतो. वयाचा पुरावा जवळ हवा. रेल्वेने जाणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की सातारा स्थानक शहरापासून दूर, माहुलीच्या बाजूला आहे. तेथून रिक्षा करावी लागते.

लघवीची भीती

आता मूळ प्रश्नाकडे येतो, कारण तो लाजेपोटी कोणी बोलत नाही. प्रवासात लघवीला जावे लागेल म्हणून पाणी न पिणे आणि गोळी बंद करणे, ही चूक पुष्कळ ज्येष्ठ करतात. स्त्रिया तर अधिकच, कारण वाटेतील स्वच्छतागृहांची त्यांना धास्ती असते. पाणी कमी पडले की रक्तदाब उतरतो, उभे राहताना चक्कर येते, लघवीत जंतुसंसर्ग होतो, बद्धकोष्ठ वाढते. गोळी बंद केली की काय होते ते वर सांगितलेच.

यावर उपाय आहेत. पाण्याच्या गोळीचा परिणाम पहिले काही तास अधिक असतो. डॉक्टरांशी बोलून प्रवासाच्या दिवशी ती गोळी मुक्कामी पोहोचल्यावर, दुपारी घेता येते का ते ठरवून घ्यावे. वेळ बदलणे आणि गोळी बंद करणे यांत फार अंतर आहे. आणि वेळही स्वतःच्या मनाने बदलू नये. ज्यांना हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितले आहे त्यांनी तेच प्रमाण पाळावे, कमी नाही आणि जास्तही नाही. गाडीत युरिन पॉट ठेवावा. प्रौढांसाठीचे पॅड मिळतात. प्रवासापुरते ते वापरण्यात कमीपणा नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे थांबे आधीच ठरवून जाहीर करावेत. "बाबा, थांबायचे का?" असे विचारले तर बाबा "नको" म्हणतात. "आता आपण सगळेच थांबतो आहोत" असे म्हटले की उतरतात.

हृदयविकाराच्या रुग्णांनी निघण्यापूर्वी आणि परतल्यावर सकाळी वजन करावे. दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढले, पायांवर सूज आली किंवा रात्री उशा वाढवाव्या लागल्या, तर ते पाणी साठल्याचे लक्षण समजून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. काकांनी तशी वाट पाहिली नसती, तर कदाचित रुग्णालय टळले असते.

साखर, इन्सुलिन आणि कंदी पेढा

मधुमेहींना प्रवासात साखर वाढण्यापेक्षा अचानक उतरण्याचा धोका अधिक तातडीचा असतो. जेवणापूर्वीचे इन्सुलिन किंवा गोळी, ताट समोर आल्यावरच घ्यावी. हॉटेलात मागणी नोंदवली म्हणून घेऊ नये. घाम, थरथर, अतिभूक, असंबद्ध बोलणे अशी लक्षणे दिसताच तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावे, पंधरा मिनिटांनी साखर तपासावी आणि सुधारणा नसेल तर पुन्हा द्यावे. व्यक्ती बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट रुग्णालय गाठावे.

वापरात असलेले इन्सुलिनचे पेन साध्या तापमानाला बहुधा चार आठवडे टिकते. पण उन्हात उभ्या असलेल्या गाडीत ते ठेवू नये. बर्फाला चिकटूनही ठेवू नये, कारण गोठलेले इन्सुलिन निकामी होते.

आणि पेढा? साताऱ्याला जाऊन कंदी पेढा न खाणे हा अन्यायच. जेवणानंतर अर्धा पेढा, त्या जेवणातील एक पोळी कमी करून, एवढी सवलत मी बहुतेकांना देतो. घरी आणलेला पुडा मात्र शेजाऱ्यांत वाटून टाकावा.

रात्रीची खोली

सहलीतील पडझड पुष्कळदा गडावर होत नाही. ती रात्री तीन वाजता, अनोळखी खोलीत, पलंगावरून स्नानगृहाकडे जाताना होते. खोली आरक्षित करताना चार प्रश्न विचारावेत. तळमजल्यावर आहे का, किंवा लिफ्ट आहे का? कमोड आहे का? स्नानगृहाच्या दारात उंच उंबरा आहे का? फरशी ओली राहते का? पोहोचल्यावर दिवसाउजेडी ज्येष्ठांना पलंग ते स्नानगृह ही वाट दोनदा चालवून दाखवावी. रात्री स्नानगृहातील दिवा चालू ठेवून दार किंचित उघडे ठेवावे. उशाशी बॅटरी असावी. उठताना आधी पलंगाच्या काठावर मिनिटभर बसावे, मग उभे राहावे. स्मृतिभ्रंशाची सुरुवात असलेल्या व्यक्तीला नवी जागा रात्री गोंधळात टाकते. तिच्या खोलीत ओळखीचे माणूस आणि घरची चादर असावी.

एक कागद, एक पिशवी

सर्व औषधे हातातल्या पिशवीत, दोन दिवसांची अधिक घेऊन ठेवावीत. ती डिकीतल्या बॅगेत जाऊ देऊ नयेत. एका कागदावर आजार, औषधांची नावे आणि मात्रा, कशाची ॲलर्जी आहे ते, डॉक्टरांचा आणि घरच्यांचा दूरध्वनी लिहावा. ७० वर्षांवरील नागरिकांनी आयुष्मान वय वंदना कार्ड काढले असेल तर ते बरोबर घ्यावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका साताऱ्यातही बोलावता येते, हे सर्वांना ठाऊक असावे.

छातीत नव्याने दुखू लागले असेल, बसल्या जागी दम लागत असेल, ताप असेल, साखर किंवा रक्तदाब फार वरखाली होत असेल, अलीकडे झटका किंवा शस्त्रक्रिया झाली असेल, तर सहल पुढे ढकलावी. पण पुढे ढकलताना नवी तारीख डॉक्टरांशी बोलून ठरवावी. "बघू पुढच्या वर्षी" हे उत्तर ७६ व्या वर्षी फार जड जाते.

काका दुसऱ्या सहलीहून परतले तेव्हा त्यांचे वजन निघतानाचेच होते. त्यांनी मोबाइलवर एक छायाचित्र दाखवले: साताऱ्याचे एस.टी. स्टँड, आणि त्यासमोर रिकाम्या हातांनी उभे असलेले काका-काकू. हातात पिशवी नाही, गाडी गाठण्याची घाई नाही. छायाचित्र मुलीने काढले होते. काका मोबाइल परत घेत म्हणाले, "आता कोल्हापूर म्हणतोय, डॉक्टरसाहेब."

मी अहवालाला हात लावण्याआधी त्यांना विचारले, "या वेळी कशाची धास्ती वाटते?"

काका काकूंकडे पाहू लागले. काकू म्हणाल्या, "देवीच्या दर्शनाच्या रांगेची. माझ्याने तेवढे उभे राहवणार नाही." मग आम्ही बेत तेथूनच आखायला घेतला.